एकविसावा रिबाउंड

"अठरा," मैदानावरची नजर न हलवता आकडेमावशी म्हणाल्या आणि समोरच्या कागदावर एक रेघ ओढली.

शेजारी माइक धरून बसलेल्या निवेदकाला सगळे भोंगा म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. आवाजावरच तर पोट चालत होतं. त्याने तो आवाज आता मोकळा सोडला, "मंडळी, शिडीचे अठरा रिबाउंड. विक्रमाला फक्त तीन हवेत."

शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच खेळाडू. बास्केटमध्ये न जाता कड्यावरून उसळलेला चेंडू ताब्यात घेतला की एक रिबाउंड. गुण काय, सगळ्यांनाच दिसतात. पण चार हात एकदम वर गेले की चेंडू कुणाचा, हे टेबलावर बसलेलं माणूस ठरवतं. आणि गंमत बघा, एका सामन्यात वीस रिबाउंडचा एकतीस वर्षांपूर्वीचा विक्रम होता खुद्द मावशींचा. तेव्हा त्या सात नंबर घालून खेळत. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला आणि त्या या टेबलाशी येऊन बसल्या त्या आजतागायत. विक्रमही त्यांचा आणि मोजणीही त्यांचीच. कुंपणच शेत खाणार, असं मागच्या रांगेत कुणीतरी सामना सुरू व्हायच्या आधीच म्हणून घेतलं होतं.

भोंग्याला ते झोंबलं होतं. बारा वर्षं तो या बाईच्या मांडीला मांडी लावून बसत होता. तिला एका रेघेचीही लबाडी करताना त्याने पाहिलं नव्हतं.

तरी आज काळजी त्यालाही होती. शिडीला एकतिसावं लागलं होतं, पाय जड झाले होते. मॅनेजरने तिला सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, "विक्रम मोडलास तर पुढचा हंगाम पक्का. नाहीतर आपला राम राम." हे कोचने भोंग्याला सांगितलं, आणि भोंग्याला सांगितलं म्हणजे मावशींना कळलंच.

मध्यंतरात मावशींनी सामन्याची फिल्म बघून शिडीची एक रेघ खोडली होती. दहाचे नऊ केले.

"अहो, एवढं काय काटेकोर?" भोंगा कुरकुरला.

"तिच्या हातात तो नव्हताच."

"बरं. आता तुमचं नाव घेतो माइकवर. प्रेक्षकांना कळू दे, विक्रम कुणाचा ते."

मावशींनी माइकवर हात ठेवला. "नको."

"एकतीस वर्षं झाली मावशी, जरा मिरवा की."

"मिरवण्यासारखं काही नाही त्यात." त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

एकोणिसावा रिबाउंड शिडीने तिघींच्या डोक्यावरून काढला. विसावा पडता पडता. सभागृह उभं राहिलं, आणि घसा बसेल याची पर्वा न करता भोंगा ओरडला, "विक्रमाशी बरोबरी!"

नऊ सेकंद उरले होते. शिडीचा संघ दोन गुणांनी पुढे. समोरच्या मुलीने लांबून चेंडू फेकला, तो कड्यावर आपटला, शिडी आणि तिच्याच संघातली चार नंबर एकदम उडाल्या. चेंडू आला तो चार नंबरच्या छातीशी. भोंगा वाजला, म्हणजे घड्याळाचा. अजिंक्यपद! मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. कोच लहान मुलासारखा रडत होता. "एकवीस, एकवीस" असा गजर सुरू झाला.

भोंग्याने माइक तोंडाशी नेला.

"वीस," मावशी म्हणाल्या.

"मावशी, शिडीचा हात लागूनच तो तिकडे गेला."

"नाही लागला."

कोच डोळे पुसत टेबलाशी आला, मागोमाग मॅनेजरही. फिल्म लावली. मावशींनी ती तीनदा पाहिली. "वीस."

मॅनेजरने खांदे उडवले. "बरोबरी म्हणजे विक्रम नव्हे."

"स्वतःचं बरं जपलंत," कोच एवढंच म्हणाला.

भोंग्याला वाटलं, आता मावशी चिडतील. त्यांनी फक्त पेन्सिल खाली ठेवली. मग मात्र त्याच्याच्याने राहवेना. "एका रेघेने काय जाणार होतं तुमचं?"

"माझं नाही. तिचं गेलं असतं."

ऐकून त्याचं डोकंच फिरलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने खुर्ची मावशींपासून हातभर लांब सरकवली.

तेवढ्यात शिडी आली. घामाने निथळत होती, गळ्यात पदक. सगळे बाजूला झाले.

"शेवटचा कुणाचा होता गं?" मावशींनी विचारलं.

शिडीने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग मावशींकडे. "चारचा. माझं बोट पोचलंच नाही."

"आणि बाकीचे वीस?"

"ते माझेच. एकूण एक."

मावशींचा चेहरा खुलला. इतकं प्रसन्न तोंड भोंग्याने त्यांचं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे तर तो आणखीच धुमसला. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, सही केली आणि तो त्याच्यापुढे सरकवला.

"वाच. माणसं जायच्या आत. आणि नेहमीसारखा मोठ्याने."

आधी नजर फिरवून घ्यायची सवय भोंग्याला नव्हतीच. रागारागात त्याने माइक चालू केला आणि वाचलं:

"दुरुस्ती. एकतीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात सात नंबरच्या नावावर जो विसावा रिबाउंड लिहिला गेला, तो चेंडू तिच्या हाताला लागलाच नव्हता. तिचे त्या दिवशीचे रिबाउंड, एकोणीस. सही, सात नंबर."