मुका मार

“कुनाला पटायचं न्हाई, पर हाड न मोडताबी आतून ठेचतं!” कबड्डीच्या मैदानावर कोंडीरामआबांनी सुरुवात केली आणि गावचा थापाड्या सुटला म्हणून पोरं हसली. खेळताना दुखावलेल्या गुडघ्याचा एक्स-रे चांगला आल्यावर पीटीच्या सरांनी आबांच्या नातीला, संघमित्राला, ‘नाटकी’ म्हणून संघातून काढलं होतं. आबांनी तिला पुण्याला नेऊन एमआरआय काढला. आज पहिल्यांदाच खरं बोलताना त्यांना घाम फुटला. त्यांनी फिल्म उन्हात धरली. “सर, ह्यो पांढरा डाग म्हंजी हाडाला मुका मार. हे सांध्याचं लिगामेंट, अर्धं तुटलंय. आता म्हना नाटक!” सरांची मान खाली गेली, तसा आबांना चेव आला. “आन् डॉक्टर म्हनले, पुढच्या साली हीच पोरगी जिल्हा जिंकनार!” कुबडी टेकत संघमित्रा पुढं आली. “थाप मारू नका, आबा! तसं डॉक्टर नव्हे, मी म्हणाले होते.”