उकंडाच्या नावाची मासोळी

"हात ओले करून धरजो वं, जमने. तोंड धारेकडं ठेवजो. तिनं शेपूट हलवल्याबिगर सोडू नोको."

मरताना माय एवढंच बोलली होती. जमनीच्या पाठची लेकरं जगली नाहीत म्हणून मायनं धाकट्या उकंडाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, आणि अरुणावती नदीला शब्द दिला होता : दर श्रावणात याच्या नावानं एक मासोळी धरून जिवंत सोडीन. माय गेल्यावर तो शब्द थोरल्या बहिणीकडे, जमनीकडे आला. ती दरसाली उथळ पाण्यात टोपल्यानं मासोळी धरायची. यंदा उकंडाच म्हणाला, "मीच देतो गळानं धरून."

उद्या पोळा. श्रावण संपत आलेला. धुतलेले बैल आणि ते धुवायला आलेली माणसं काठावर उभी होती, आणि डोहाच्या खडकावरून उकंडा नायलॉनची दोरी ओढत होता. सोबत त्याचा दोस्त लखीराम. श्रावणात मासा खायचा नाही, म्हणून दोघं नुसते धरत होते आणि फेकत होते. खाल्लं नाही म्हणजे पाप नाही.

मासोळी वर आली ती हातभर लांब. खडकावर आपटली, उसळली, पुन्हा आपटली. उकंडानं तिच्या पोटावर पाय दिला. गळ पार घशात गेला होता.

"ओढू नोको, उकंडा! दोरी काप. गळ राहू दे तिच्यात," टोपलं घेऊन काठावर उभी असलेली जमनी ओरडली.

"काहून? तुह्या बापानं आणला काय गळ? यवतमाळहून आणला मी."

"अबे, तिचा बाप तोच तुहा बाप," लखीराम हसला.

उकंडानं दोरी मुठीला गुंडाळून हिसका दिला. गळासोबत कल्ल्याचा लाल तुकडा बाहेर आला. मग शेपटीला धरून त्यानं मासोळी गरगर फिरवली आणि डोहात भिरकावली.

"घे, बाई. जिती सोडली. झाला मायचा नवस."

पाणी उडालं. थोड्या वेळानं पांढरं पोट वर आलं.

जमनी लुगड्यानिशी पाण्यात उतरली. तिनं मासोळीच्या पोटाखाली दोन्ही हात दिले, तोंड धारेकडे वळवलं. कल्ला उघडला. मिटला. पुन्हा उघडला.

"सोड तिले. लोकं हासून राह्यले," उकंडा खडकावरून ओरडला.

"शेपूट हलू दे."

उकंडानं भिरकावलेला पहिला गोटा शेजारी पडला. दुसरा कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. तिच्या बोटांना शेपटीचा बारीकसा झटका लागला.

"हालली रे," ती म्हणाली.

तेवढ्यात उकंडा बैल हाकायची काठी घेऊन पाण्यात शिरला. पहिला तडाखा तिच्या मनगटावर बसला. दुसरा मासोळीच्या डोक्यावर. मग तो मारतच राहिला, पाणी लाल होईपर्यंत.

थांबला तेव्हा कोणी हसत नव्हतं.

"काही होत नाही," उकंडा धापा टाकत म्हणाला. "होते काय रे काही?"

लखीरामनं खडकावरचा सदरा उचलला आणि मागे न पाहता निघून गेला.

जमनी काठावर आली. पदर फाडून तिनं कपाळ बांधलं. एक मनगट सुजून लोंबत होतं. चांगल्या हातानं तिनं टोपलं उचललं.

"कुठं चालली, बाई?"

ती उथळाकडे वळली होती.

"मारलं मी तुले," मागून उकंडाचा आवाज आला. तो आता लहान झाला होता. "आता माह्यासाठी कायले जातं?"

"शब्द मी मायले देल्ला होता," ती म्हणाली. "तुले नाही."

वरच्या अंगाला पाणी नितळ होतं. तिनं टोपलं वाळूवर ठेवलं, खाली बसली, आणि आधी हात ओले केले. एक चांगला, आणि मग त्यानं धरून, तो मोडलेलाही.