पहिला पाहुणचार

लग्न झाल्यावर वैष्णवी पहिल्यांदाच जोडीनं आली होती. सखूबाईंनी पुरणाचा घाट घातला होता. जेवणं उरकल्यावर मालक गुरांचं निमित्त करून मागं राहिले, तेव्हा सखूबाईच त्या दोघांना पानशेतचं धरण दाखवायला घेऊन गेल्या.

“मावशी, लेक-जावई का?” बोटवाल्यानं विचारलं.

“व्हय तर.”

बोट हलली तशी वैष्णवी दचकली. “पाव्हणं, पाण्याला लई भिती ती,” सखूबाई म्हणाल्या. “हात धरा तिचा. सोडू नका.” पाहुण्यांनी हात धरला. सखूबाई मग काठ येईस्तोवर पाण्याकडंच बघत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी वैष्णवीची ओटी भरली, पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली. पाया पडायला वाकलेली वैष्णवी उठेचना.

“रडू नगं, पोरी. पंचमीला ये.”

गाडी वळणाआड गेली. सखूबाईंनी पत्र्याच्या पेटीत सकाळी ठेवलेला लेकाचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. त्याचा हार सारखा केला.

“बाळा, लई चांगला माणूस मिळालाय रं तुझ्या बायकोला.”