अर्धा तांब्या

"तुजो दोस्त खंय रे?" शिवकाळापासून आरमाराचं ठाणं असलेल्या जलदुर्गात, गोड्या पाण्याच्या विहिरीवर शेवंतीकाकूंनी नौसैनिक श्रीपादला विचारलं. आठ महिन्यांच्या मोहिमेवरून परतलेली युद्धनौका बाहेर नांगरून होती आणि पोरं रीतीप्रमाणे आधी इथेच आली होती. जाताना प्रत्येकजण अर्धाच तांब्या प्यायचा. "उरलेलं परत आल्यावर," असं सांगून जायचा.

"बिजूला लाटेनं नेलं, काकू. सापडलाच नाही. त्याच्या वाटणीचं पाणी द्या, तटावरून समुद्रात सोडतो."

काकूंनी तांब्या काठोकाठ भरला, पण देताना त्याचं मनगट घट्ट धरलं. "दर्यात पाणी कमी आसा काय? ह्यां तू पी."

श्रीपाद प्यायला. अर्ध्यावर आल्यावर थांबला. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं होतं. सवयीनं त्यानं तांब्या विहिरीच्या काठावर ठेवला.

काकूंनी तो उचलला आणि तापातल्या लेकराला पाजावं तसा त्याच्या ओठांना लावला.

"सगळां पी, बाबा. आता मागे काय ठेवन जावचा नाय."