नाचघरातली भिंत

दत्तारामने शिडीवर उभं राहून छिन्नी लावली आणि भिंतीच्या अगदी वरच्या थरातली वीट काढली. पलीकडून धाकटा भाऊ सीताराम ओरडला, "दादा, बेतानं! माझ्या बाजूला देव आहेत."

देव हलवले गेले. घाई होती. घरमालक मनमोहन कोठारे आर्किटेक्टला घेऊन गिरगावहून निघाले होते. परवानगीशिवाय बांधकाम करणाऱ्यांना घर खाली करावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. भिंतच नसली तर गुन्हाही नाही, असं दत्तारामचं म्हणणं. दोघे भाऊ गिरणीत कामाला. परळात दुसरी खोली मिळण्याआधी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळेल, असं अठ्ठावन्न साली सगळेच म्हणत.

बंगला कुणा गोऱ्या साहेबानं हवा खायला बांधला होता. तेव्हा परळला हवा होती. दर्शनी बाजूला देवळासारखे पांढरे खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर जिलबीसारखी वेटोळी. साहेब गेले, कोठारे आले, मग कापसाच्या गासड्या आल्या, शेवटी बिऱ्हाडं. खांबांना दोऱ्या बांधून धोतरं वाळू लागली. आतलं नाचघर या दोन भावांच्या वाट्याला आलं. कोठाऱ्यांना ते आता मूळ रूपात हवं होतं. लग्नकार्याला भाड्यानं द्यायला.

भिंतीचा इतिहास त्या मानानं साधा. दत्तारामची यशोदा आणि सीतारामची नलू या जावांचं मोरीवरून भांडण झालं. चुली वेगळ्या झाल्या, पाठोपाठ भिंत आली. बंगल्यातल्या इतर बिऱ्हाडांनी पुरुषभर उंचीच्या फळ्या ठोकून भागवलं होतं. इथं एकीला दुसरीचा आवाजही नको होता, म्हणून भिंत विटांची, आणि थेट मधल्या तुळईला भिडवलेली. दोघे भाऊ मोर्चात तमाम मराठी मुलूख एक करण्याच्या घोषणा एका सुरात देत आणि घरी येऊन आपापल्या दारानं आत जात. जावांचा समेट करायचाही त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. पण तो प्रश्न दिल्लीपेक्षा अवघड निघाला.

दुसरी वीट निघाली. वर काहीतरी करकरलं. दत्तारामच्या डोक्यावर चुन्याचा लपका पडला.

"अहो, उतरा खाली!" यशोदा किंचाळली.

"थांबा! विटेला हात लावू नका!" हा आवाज दारातून आला. आर्किटेक्ट होता, मागे कोठारे. भाऊ जागच्या जागी थिजले. मुद्देमालासह सापडले होते.

आर्किटेक्टनं दत्तारामला खाली उतरवलं आणि स्वतः शिडीवर चढला. खिशातला चाकू काढून त्यानं तुळईच्या टोकाला खुपसला. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"वाळवी. दोन्ही टोकं संपलीत. सगळा भार या भिंतीवर आहे."

"आणि बाहेरचे खांब?" कोठाऱ्यांनी विचारलं.

"ते ओसरी सांभाळतात. घराशी त्यांचा संबंध नाही."

"म्हणजे ही भिंत काढून हॉल मोकळा केला, तर?"

"होईल की मोकळा. आभाळ दिसेल."

नवी तुळई घालायची तर सगळं छप्पर उतरवावं लागेल, हे ऐकून कोठाऱ्यांनी मनातल्या मनात खर्चाचा हिशेब केला. त्यांनी वर पाहिलं. मग दत्तारामच्या हातातल्या हातोड्याकडे पाहिलं.

"ठेवा तो खाली," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "विटा बसवून टाका. भिंत राहू दे. तुम्हीही राहा."

पाहुणे गेले. सीतारामनं चुना कालवला. दत्ताराम पुन्हा शिडीवर चढला. तो हसत होता. यशोदानं भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "गो नलू, चहा टाकलाय. ये."

दत्तारामच्या हातातली वीट हातातच राहिली. "इतकी वर्षं पाया पडलो तुम्हा दोघींच्या! तेव्हा नाही सुचला हा समेट!"

भोकातून नलूचा आवाज आला, "तेव्हा तुमचं ऐकलं असतं ना भावोजी, तर आज आपण सगळे त्या तुळईखाली असतो."