पहिली फेरी

गाडी एकदाची सुरू झाली, आणि मास्तरांनी पुन्हा बॉनेट उघडलं.

"आता काय राहिलं?" धाकट्यानं विचारलं. तो गॅरेजच्या दारात चिंध्यांनी हात पुसत उभा होता.

"आवाज ऐक. कुठंतरी अडखळतेय."

"पंख्यासारखी चाललीय बाबा."

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या चाकापाशी वाकले, टायर दाबून पाहिला, उठले, मागच्या चाकापाशी गेले, परत पुढं आले. उजवा हात पँटच्या खिशात. हल्ली तो बहुतेक वेळ तिथंच असायचा.

ही दोन दारांची, उघड्या टपाची जुनी गाडी भंगारात निघाली होती. मास्तरांनी ती ओढून घरी आणली तेव्हा घरातलं कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. मग एकेक करून सगळेच तिच्यात अडकले. पत्रा धाकट्यानं ठोकला, रंग त्यानंच मारला. इंजिन आणि वायरिंग थोरलीनं जुळवलं. बारीक स्क्रू आले की मास्तर "तुझी नजर चांगली" म्हणत तिच्याकडे सरकवायचे. कॅनव्हासचा नवा टप आईनं शिवला. मशीनची सुई मोडली की दर वेळी तिनं गाडीचा उद्धार केला, पण शिवण अशी घातली की थेंब आत यायची बिशाद नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गाडी शिकवणारे. निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. सगळं आयुष्य ते शिकणाऱ्याच्या शेजारी बसले, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. गाडी आणली त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "ही मी चालवणार. शेजारी बसायचं काम दुसऱ्या कुणीतरी करा."

थोरली ड्रायव्हरच्या सीटवरून उतरली आणि दार धरून उभी राहिली. "चला बाबा. पहिली फेरी तुमची."

"थांब गं. आधी टप नीट मिटतोय का बघू."

"सकाळीच बघितला."

"वायपर?"

"आभाळात एक ढग नाही!" धाकट्याचा आवाज चढला. "मागच्या रविवारी आरसा, त्याच्या आधी हॉर्न. तुम्हाला ही बाहेर काढायचीच नाहीये. मग आम्हाला कशाला राबवलंत?"

"हळू बोल," आई म्हणाली. ती भिंतीजवळ उलट्या खोक्यावर बसून उरलेल्या कॅनव्हासची घडी घालत होती. घालत होती, मोडत होती, परत घालत होती.

"का हळू? तू तरी सांग ना त्यांना."

तिनं मास्तरांकडं पाहिलं. "तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

मास्तर बॉनेट लावायला वळले. जड बॉनेटला दोन्ही हात लागत होते. उजवा हात खिशातून निघाला, पत्र्यावर टेकला आणि बोटं त्यावर वाजायला लागली. त्यांनी हात दाबून धरला तरी थांबेना. थोरलीनं आत वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि गॅरेजमध्ये तेवढीच टकटक राहिली.

"डॉक्टर नको म्हणालेत," मास्तर म्हणाले. "गाडी चालवायची नाही. आता नाही आणि पुढंही नाही."

"कधी म्हणाले?" थोरलीनं विचारलं.

"मी टप शिवायला घेतला, त्याच्या आधी," आई म्हणाली.

"आणि तरी शिवलास?"

"मग काय, गाडी उघडी टाकू?"

धाकट्यानं बुटाच्या टोकानं फरशी घासली. मग पुटपुटला, "विकून टाकायची का मग?"

"तू गप रे." थोरली गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं. "बसा बाबा. मी चालवते. चुकले तर ओरडा."

मास्तरांनी एक पाय आत टाकला आणि काढून घेतला.

"इथं नाही. इथं बसून जन्म गेला माझा."

त्यांनी सीट पुढं कलती केली आणि अंग चोरून मागं शिरले. तिथं पोरांपुरतीच जागा होती. "येतेस?" त्यांनी आईला विचारलं.

"हे काय वय आहे का?" म्हणत ती आलीच. धाकटा मुकाट्यानं पुढं बसला.

गाडी रस्त्यावर आली. पहिल्या वळणापर्यंत मास्तरांचं तोंड एकसारखं चालू होतं. "क्लच सोड. हळू. आरसा कोण बघणार?" पुढच्या सीटखाली त्यांचा पाय दाबायला काहीतरी शोधत होता.

"बाबा, तिथं ब्रेक नाही," धाकटा मागं न बघता म्हणाला.

"माहितीये," मास्तर म्हणाले आणि परत पाय दाबला.

दुकानं मागं पडली, रस्ता रुंद झाला. थोरलीनं गिअर बदलला तसा वारा अंगावर आला. मास्तरांची चुळबुळ थांबत नव्हती. या कुशीवरून त्या कुशीवर झाले, गुडघे आवळले, सैल सोडले. आणि एकाएकी पुढच्या दोन्ही सीटच्या पाठी धरून सरळ उभे राहिले.

"अहो!" आईनं त्यांच्या शर्टाचं टोक पकडलं. "बसा खाली! पडाल! लोक बघतायत!"

"बघू देत."

शर्ट वाऱ्यानं फुगला होता. डोक्यावर नुसतं आभाळ. थोरलीनं आरशात पाहिलं आणि वेग कमी केला.

"कमी कशाला करतेस?" मास्तर वरून ओरडले. "जोरात घे!"

थोरलीनं आईकडं पाहिलं. मग पाय दाबला.

आईनं शर्ट ओढायचं थांबवलं. सोडला मात्र नाही.