परतीची ओढ

बँकेचं स्टेटमेंट, विमा, परतीचं तिकीट सगळं झालं होतं. राहिलं होतं फक्त परतीच्या ओढीचं प्रमाणपत्र. पर्यटक म्हणून आलेली बाई मुदतीत घरी परतणार की नाही, हे हल्ली वकिलाती तिच्या मेंदूलाच विचारू लागल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला हेलसिंकीला पोचायचं तर साठ गुण हवे होते. प्रमिलाबाई आगटे डोक्याला पट्टा बांधून बसल्या होत्या आणि यंत्राचा काटा एकतीसवर होता.

"काकू, घरातलं काहीतरी आठवा," एजंट कोठावळे म्हणाला.

"अगं, आपल्या गौरी आठव," त्यांचे यजमान दत्तोपंत उत्साहाने म्हणाले. "सोळा भाज्या, पुरणाचा घाट, चाळीस पानं. आणि सगळं तू एकटी करतेस."

काटा नऊवर आला.

कोठावळे खाकरला. "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दत्तोपंत बाहेर बसले. काचेतून त्यांना काटा चढताना दिसला. तो त्र्याऐंशीवर जाऊन थांबला.

प्रमिलाबाई प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या. चेहरा कधी नव्हे तो निवांत होता.

"काय आठवलंस?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आपलंच घर," त्या म्हणाल्या. "घरात कोणी नव्हतं."